बंद केलेलं बटण

कोणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. मागच्या एप्रिलमधला मंगळवार. धुळ्यातलं आमचं घर. वेळ भर दुपारची.

खालच्या खोलीत आमचे चार यंत्रमाग आहेत. मी आणि माझा मुलगा दानिश ते चालवतो. मंगळवारी बारा ते तीन भारनियमन असतं. लाइट गेली की पहिलं काम म्हणजे चारही मागांची बटणं बंद करायची. एखादं चालू राहिलं, तर लाइट येताच माग आपोआप धावतो. कोणाचा हात आत असला तर…

माझी बायको कनीज अशीच गेली. त्या एप्रिलला दोन वर्षं झाली होती. ती वाकून तुटलेले धागे जोडत होती. लाइट आली. ओढणी पट्ट्यात गेली.

बटण चालू राहिलं होतं. ती बंद करायला विसरली, असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्या मंगळवारी चारही बटणं मी बंद केली. दानिश तिसऱ्या मागावर वाकला. दोन्ही हात आत.

माग थांबले की खोलीत श्वाससुद्धा ऐकू येतो. माझा येत होता. दानिशचा येत होता.

आणि अजून एक…

खट्.

तिसऱ्या मागाचं बटण चालू झालं होतं.

मी बंद केलं. वळलो.

खट्.

"अब्बा, बटणाशी काय खेळताय?" दानिश हसला. "जा, चहा पिऊन या."

मी बटण अंगठ्यानं दाबून धरलं. कोणीतरी ते उलटं रेटत होतं. जोरानं. रागानं. माझं नख उलटलं.

तीनला चार मिनिटं होती.

"दानिश, हात काढ."

"दोनच धागे राहिलेत."

"काढ म्हणतो ना!"

"का? अम्मीसारखं तुम्हीही विसरलात की काय?"

माझ्या कानापाशी चाललेला श्वास थांबला…

"ती विसरली नव्हती," मी म्हणालो. "बटण बंद केलं का, असं तिनं मला विचारलं होतं. मी न बघताच हो म्हणालो आणि बाहेर निघून गेलो."

दानिशनं हात बाहेर काढले. माझ्याकडे बघत राहिला.

बटण अंगठ्याखालून निसटलं. लाइट आली. माग धडधडत सुटला.

"दोन वर्षं तिलाच दोष देत होतात?" एवढंच तो बोलला. संध्याकाळी बॅग भरून चाळीसगावला मावशीकडे गेला. माझा फोन उचलत नाही.

आता धागे मलाच जोडावे लागतात.

काल मंगळवार होता. चारही बटणं मी दोनदा तपासली. मग वाकलो. दोन्ही हात आत होते, तेव्हा पाठीमागे…

खट्.

लाइट यायला पाच मिनिटं होती. हात कुठे अडकले नव्हते, तरी ते बाहेर काढायला मला फार वेळ लागला.