फिरवलेलं ताट

आमच्या खाणावळीत शिरता शिरता त्यानं पहिलं काम केलं ते कपाळ आपटून घेण्याचं. माझ्या आईच्या नावाची पाटी धाडकन खाली आली, आणि तिच्यामागून साडेसहा फुटांचा एक भिजलेला माणूस ओशाळून हसला.

"पाटीला लागलं नाही ना?"

"पाटी धड आहे. चौकटीचं काही सांगता येत नाही," मी म्हटलं.

तो लॅमाँट. पासिग शहरात आमच्या गल्लीमागच्या हॉलमध्ये लीगचा एक संघ बास्केटबॉलचा सराव करतो. त्या संघानं मोसमापुरता अमेरिकेहून आणलेला हा खेळाडू. अशांना आमच्याकडे 'इम्पोर्ट'च म्हणतात, बंदरावर उतरवलेल्या पेटीला म्हणावं तसं. संघ जिंकतोय तोवर इम्पोर्ट देवमाणूस. संघ हरून बाहेर पडला, की दुसऱ्या दिवशी त्याचं विमान.

"मारिकार, उडत्या पाखराला जीव लावू नकोस," नानाय, म्हणजे माझी आई, मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली.

"मी कुठं लावतेय? मी तर सूप वाढतेय."

सराव संपला की तो रोज यायचा. चिंचेचं आंबटढाण सिनिगांग प्यायचा, डोळे मिटायचा आणि पुन्हा वाडगा पुढे करायचा... गिऱ्हाइकं पांगली की मीही त्याच टेबलावर जेवायला बसायची. उगीच. दुसरी टेबलं पुसायची असायची म्हणून.

एकदा आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, जीपवाला तिनोयकाका, घरून बोलावणं आलं म्हणून अर्ध्या जेवणातून उठला. लगेच आम्ही सगळ्यांनी आपापली ताटं गर्रकन फिरवली. लॅमाँट बघतच राहिला.

"हे काय?"

"जेवणातून उठून कुणी निघालं, की मागे राहणाऱ्यांनी ताट फिरवायचं. मग जाणारा सुखरूप पोचतो."

"आणि नाही फिरवलं तर?"

"तर वाटेत काहीतरी नडतं."

"मग मी निघेन तेव्हा फिरवू नकोस, मारी. गाडी पंक्चर होऊ दे. विमान चुकू दे."

मी हसले. तो मान खाली घालून भात चिवडत राहिला.

"आणि तुझी आई मघापासून त्या उष्ट्या ताटांकडे बघत का उभीये? उचलत का नाही?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"बिनलग्नाची मुलगी जेवत असताना ताटं उचलली, तर तिचं लग्न होत नाही म्हणे."

"मग भरभर जेव की!"

"घाई कुणाला आहे?"

"मला," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाजला. एवढा मोठा माणूस!

त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही. आमच्या गल्लीत पोरंटोरं चपला घालून बास्केटबॉल खेळतात, पण मला त्यात कधी काडीचा रस नव्हता. आता मात्र सामन्याच्या दिवशी मी टीव्हीसमोर जपमाळ आवळून बसू लागले. लोकांना करंडक हवा होता. मला फक्त पुढचा सामना हवा होता, म्हणजे तो आणखी थोडे दिवस राहिला असता.

उपउपांत्य फेरीत संघ एका गुणानं मागे होता आणि शेवटचा फ्री थ्रो लॅमाँटच्या हातात होता. चेंडू कड्यावर घुटमळला... आणि बाहेर पडला.

"भंगार इम्पोर्ट!" तिनोयकाका ओरडला. मी त्याच्या पुढ्यातला भात उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅमाँट बॅग घेऊनच आला. आम्ही तिघं जेवायला बसलो. बाहेर मळभ होतं. 'थांब' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर होता. पण संघ नाही तर त्याला इथं काम नाही, आणि तिकडे त्याचा आजारी बाप एकटा. मी कुठल्या तोंडानं थांब म्हणणार होते?

हॉर्न वाजला. तो उठला.

"काही बोलणार नाहीस, मारी?"

"जपून जा," मी म्हटलं. मनातलं सगळं बोलायचं राहून गेलं, की आमच्याकडे एवढंच म्हणतात.

नानायनं ताट फिरवलं. माझी बोटं ताटाच्या काठाला चिकटून बसली. पंक्चर होऊ दे, चुकू दे विमान... पण तो माझा होता ना? मग त्याला नीट पोचायला हवं होतं. मी ताट फिरवलं.

तेव्हा तो वाकला, आणि त्यानं स्वतःचं अर्धवट जेवलेलं ताट हळूच फिरवलं.

"अरे वेड्या!" नानाय म्हणाली. "जाणाऱ्यानं नसतं फिरवायचं. जो मागे राहतो त्यानं फिरवायचं."

"माहीत आहे, नानाय," तो म्हणाला. बघत माझ्याकडे होता.

मग तो दारातून वाकून गेला. या खेपेला त्याचं कपाळ आपटलं नाही.

गाडीचा आवाज विरला तशी नानायनं त्याचं ताट उचलायला हात पुढे केला. मी घाईघाईनं चमचा हातात घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

मी एकेक शीत खात बसले. संध्याकाळची गिऱ्हाइकं आली, तरी माझं जेवण चाललंच होतं.