‘आपले’ म्हणजे कोणाचे?

टिल्लू गात का नव्हता? चंद्रावरच्या वसाहतीतला हा यंत्रमानव रोज मेथीच्या वाफ्याला पाणी घालताना गायचा. आज नुसतंच पाणी!

टिल्लू दोघी मैत्रिणींचा. इरावतीने त्याला पाणी मोजायला शिकवलं, नाझनीनने गायला. आज नाझनीन कायमची पृथ्वीवर निघाली होती, आणि टिल्लू गाऊन तिला निरोप देणार होता. हा पठ्ठ्या गप्पच. नाझनीन इरावतीला एवढंच म्हणाली, “माझं गाणंच पुसलंस? राहू दे.” आणि यानात जाऊन बसली.

इरावती रडतच आजोबांच्या प्रयोगशाळेत शिरली. “आबा, मी नाही हो पुसलं! सकाळी टिल्लूसाठी लिहिलेलं दोघींचं काम एकत्र करताना संगणकाने विचारलं, ‘आपले ठेवू की त्यांचे?’ मी ‘आपले’ दाबलं. आपलं म्हणजे आम्हा दोघींचं ना?”

आबांनी कपाळावर हात मारला. “अगं वेडाबाई, संगणकाला कुठली आलीय मैत्री! त्याचं ‘आपले’ म्हणजे बटण दाबणाऱ्याचं. तुझं एकटीचं. आज्ञावलीतल्या (यंत्राला दिलेल्या सूचनांमधल्या) त्याच ओळी तुम्ही दोघींनी बदलल्यात, म्हणून संघर्ष (कोणाचा बदल धरायचा हा पेच) झाला. अशा वेळी जोडीदाराला विचारायचं आणि ओळी हाताने नीट लावायच्या.”

“मग गाणं गेलंच का?”

“छे! आवृत्ती-नियंत्रण (प्रत्येक बदल जपून ठेवणारी पद्धत) कशाला असतं? नाझनीनची शाखा (मूळ कामाला धक्का न लावता बदल करायची तिची वेगळी वाट) अजून आहे. हे बघ.”

दोघांनी ओळी लावल्या. टिल्लू पाणी मोजता मोजता गाऊ लागला, आणि इरावतीला आणखीच भरून आलं. किती साधं होतं! एकदा विचारलं असतं तर?

“आबा, सकाळही अशी मागे नेता येईल?”

“नाही गं बाळा. ती सोय फक्त आज्ञावलीला.”

या वेळी इरावतीने काहीच पक्कं केलं नाही. जोडलेलं काम तिने तपासणीसाठी यानातल्या नाझनीनकडे पाठवलं. सोबत लिहिलं, “चुकले गं. बघून सांगशील?”

मग पडद्यावर अक्षरं उमटली.

“शेवटच्या कडव्यात सूर घसरलाय. मी पृथ्वीवरून दुरुस्त करते. तोवर हात लावू नकोस हं!”

इरावतीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.