दोन कुलपांचं दार

यरुशलेम पुन्हा जळालं. तिर्झा पेझारकरने पडद्याकडे बघत हातातला कागदी कप चुरगाळला. कपात अजून चहा होता, तो टेबलभर झाला.

"ह्या खेपेला कुणी पेटवलं?" समोरून आंबर्डेकर सरांनी विचारलं. प्रयोगशाळेचे ते प्रमुख, आणि चहा सांडला तरी कागद उचलायची घाई न करणारे.

"कोण पेटवणार, ह्यांनीच. बाहेर रोमन फौज वेढा घालून बसलीय आणि आत हे एकमेकांची धान्याची कोठारं जाळतायत. मी दुप्पट धान्य दिलं होतं, सर. दुप्पट जाळलं."

पुण्याच्या समाजगती प्रयोगशाळेत त्यांनी एक प्रतिनगरी उभी केली होती. म्हणजे यंत्राच्या आत चालणारं अख्खं जुनं शहर. रोमच्या टाचेखालचं, यहुद्यांचं यरुशलेम. आतली प्रतिमाणसं आपापल्या अकलेने वागायची, आपण यंत्रात आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाहेरून एका खेपेत एकच बदल करायचा आणि पुढे काय होतं ते बघायचं, एवढाच नियम.

चार टोळकी होती. सदूकी म्हणजे मंदिराचे पुजारी, रोमनांशी गोड बोलून गादी सांभाळणारे. परूशी म्हणजे धर्मशास्त्राचे गुरुजी, गल्लीतल्या लोकांचे लाडके. एसेनी सगळ्यांना बाटलेलं ठरवून वाळवंटात जाऊन बसलेले, त्यांचं पंचांगसुद्धा वेगळं. आणि जिलोत, ज्यांच्या झग्याखाली सुरा. रोमनांवर राग सगळ्यांचाच, पण हात उचलायचे ते एकमेकांवर.

तिर्झाने कर माफ करून बघितला, सुरे काढून घेतले. त्यांनी दगड उचलले. शेवटी वैतागून तिने रोमनच काढून टाकले, तर शहर आणखी लवकर जळालं.

तिला हे शहर वाचवायचंच होतं, आणि कारण सरांनाही ठाऊक होतं. कोकणात तिच्या गावी बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी यहुद्यांचं, जुनं सिनेगॉग होतं, त्याच्या दाराला दोन कुलपं. एक तिच्या बाबांचं, एक शमुवेलकाकांचं. भांडण कशावरून? मलिद्यावरून. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. एलियाहू नबीचं नाव घेऊन नवस फेडायचं ते ताट सिनेगॉगच्या आत ठेवायचं की ओटीवर? बाबा म्हणायचे आत. काका म्हणायचे ओटीवर. दोन भाऊ, दोन कुलपं, आणि उरलेली चार घरं सणाला बाहेर अंगणात उभी. इमारत एका रिसॉर्टवाल्याला हवी होती. रविवारच्या बैठकीत मिटलं नाही तर ती जाणार होती.

गेल्या शनिवारी तिर्झा घरी गेली तेव्हा तिचं डोकं फिरलं होतं. "पोह्यांच्या ताटासाठी भांडताय? सोडून द्या ना सगळं. काय अडलंय तुमचं?" असं दोघांना तोंडावर सुनावून, जेवण टाकून ती निघून आली होती.

"हे बघ," सर म्हणाले. त्यांनी पडद्यावर मंडपांचा सण आणला.

मंदिराचं अंगण माणसांनी फुललं होतं. पुजाऱ्याने वेदीवर पाणी ओतायचं, ही परूशांची रीत. पुजारी सदूकी. शास्त्रात असं कुठे लिहिलंय, म्हणून त्याने पाणी मुद्दाम स्वतःच्या पायांवर ओतलं. मग लोकांनी हातातली पूजेची महाळुंगं त्याच्यावर फेकायला सुरुवात केली. पिवळीधमक फळं, धडाधड. बुरुजावर रोमन शिपाई पोट धरून हसत होते.

"बघितलंत? पाणी इथे ओत की तिथे ओत! ह्यांना थोबडवायला हवं."

"रोमन तर दिवसभर डुकराचं मांस खातो. त्याला महाळुंग का नाही मारलं?"

"तो कुठे ह्यांच्यातला आहे?"

"तेच तर. वैरगुणक बघ." सरांनी आकडेपट्टी उघडली. "दोन टोळ्यांत सामाईक जेवढं जास्त, तेवढं वैर जास्त. परक्याने वेदीवर काही ओतलं तर तो परका. आपल्याने ओतलं तर ते माझ्या वेदीवर ओतलं. वेदी दोघांची नसती तर फळ कोण वाया घालवेल?"

तिर्झा खुर्चीत सरळ झाली. "म्हणजे सामाईक आहे ते कमी केलं की झालं."

"एकच बदल आहे तुझ्याकडे. कर."

तिने सामाईकता खाली ओढली. वैर कमी झालं. आणखी खाली, अगदी तळाला. पडद्यावर पुजाऱ्याने पाणी पायावर ओतलं. लोकांनी बघितलं, जांभई दिली, घरी गेले. जिलोताने सुरा विकून शेळी घेतली. कोठारं शाबूत. रोमन फौज आलीच नाही, यायला कारणच नव्हतं.

"वाचलं!" तिर्झा ओरडली. "वाचलं, सर. रविवारी हेच घेऊन जाते."

"पुढे पळव की जरा."

तिने काळ पुढे पळवला. दोन पिढ्या, मग आणखी. शहर मजेत होतं. पण तिला काहीतरी खुपायला लागलं. जळालेल्या खेपांमध्ये वाचलेली माणसं जहाजांत बसून चहूकडे पांगायची, वाटेतही भांडायची, आणि कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर धर्माप्रमाणे शनिवारी काम बंद ठेवायची. तिच्या पणजोबांना गावात शनवार तेली म्हणायचे ते त्याच्यामुळेच. तेलाचा घाणा शनिवारी फिरायचा नाही.

तिने यंत्राला विचारलं, शनिवारी थांबलेला एक तरी घाणा दाखव.

यंत्राने सगळे किनारे चाळले. सगळे घाणे फिरत होते.

"माणसं मेली?" तिने हळूच विचारलं.

"कुणी मेलं नाही. सुखात आहेत. फक्त ती आता कुणीच नाहीत. वैर शून्यावर आणायचं तर सामाईक शून्यावर येणारच, अगं. उलटा हिशेब कसा लागेल?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई होती, आवाजात हुश्श.

"तिर्झा, मिटलं गं एकदाचं. तू बोलून गेलीस ना, दोघांनाही लागलं. बाबा म्हणाले, आत ठेवा नाहीतर बाहेर, मला काय करायचंय. काकाही तेच म्हणाले. दोघांनी कुलपं काढली. सिनेगॉगच्या चाव्या आता त्या रिसॉर्टवाल्याकडे जातायत, काकाच घेऊन निघालेत."

तिने आईचा फोन तसाच तोडला आणि काकांना लावला.

"काका, कुठे आहात?"

"एस्टीत चढतोय. आता काय राहिलंय तुझं?"

तिने थाप ठोकली. "काही नाही. बाबा म्हणत होते, तुम्ही माघार घेतलीत. म्हणजे मलिदा आतच ठेवायचा असतो, हे तुम्ही मान्य केलंत."

"कोण म्हणतो मान्य केलं?"

"बाबा. आणि खरंय ना काका, ओटीवर ठेवायचा हा तुमचा येडेपणाच होता."

"येडेपणा?" काकांचा आवाज चढला. "तुझ्या बापाला धर्मातलं काय कळतं गं? लहानपणी नवसाचे पोहे चोरून खायचा तो! ओटीवर म्हणजे ओटीवर. ओ कंडक्टर, थांबवा. थांबवा म्हणतो ना, उतरायचंय मला."

"उतरून काय करणार?"

"कुलूप लावणार. आणि सांग त्याला, ह्या वेळी मोठं लावणार."

फोन कट झाला. तिर्झाने सांडलेला चहा बाहीने पुसला आणि बाबांचा नंबर लावला.