उजवीकडची रिकामी जागा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं ते नानाजी माझे सख्खे मामा. त्यांना थापा मारता येत नाहीत. जन्मात एकच मारली, तीही पचली नाही.

ठिकाण अल्लीपूर, वर्धा जिल्हा. साल १९८१, मे महिना.

आणि रात्र नव्हे... टळटळीत दुपार.

नानाजी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. कापसाचा हंगाम संपला की घरी रिकामे. त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात सिनेमा लिहायचं खूळ शिरलं. अल्लीपुरात बसून सिनेमा! गाव हसलं. पण गावात प्रभाकरराव होते, मुंबईच्या स्टुडिओत उमेदीची वर्षं काढून नुकतेच परतलेले. त्यांनी पहिला धडा दिला. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची.

"डावीकडे लिहा, काय दिसते. उजवीकडे लिहा, काय आयकू येते. मनातलं लिहू नका नानाजी, मन कॅमेऱ्याले दिसत नाई."

नानाजींना हे ऐकून फार बरं वाटलं. मनातलं लिहायचं नाही म्हटल्यावर अर्धं ओझं उतरलं.

विषय मात्र थोरल्या भावानं, बापूजींनी दिला. बापूजींची बायको अनुसयाबाई काही वर्षांपूर्वी परसातल्या विहिरीत पडून गेली होती. पोरबाळ नव्हतं. बापूजींनी दुसरं लग्नही केलं नाही.

"तिच्यावर लिहिजो नाना," ते म्हणाले. "एक फोटोही नाई रे आपल्यापाशी तिचा."

नाही कसं म्हणणार?

ती गेली त्या दुपारी घरात फक्त नानाजी होते. ओसरीवर ट्रान्झिस्टर लावून लोळत पडलेले. परसातून वहिनीची हाक आली.

"भाऊजी..."

बादली उचलायला बोलावत असेल, असं त्यांना वाटलं. पुन्हा हाक आली. बाहेर ऊन मरणाचं आणि रेडिओवर गाणं आवडीचं. नानाजींनी आवाज वाढवला.

वहिनीला वर काढलं तेव्हा तिच्या तळहातांची सालं निघाली होती. दोराला धरून ती बराच वेळ लोंबकळली होती. नानाजींनी सगळ्यांना सांगितलं, रेडिओ चालू होता, काहीच ऐकू आलं नाही. त्यावर बापूजींनीच त्यांना पोटाशी धरलं. "तुहा काय दोष, नाना?"



आता कागदावर डावी बाजू भराभर झाली. अंगण. विहीर. हिरव्या काठाचं लुगडं. ओल्या दगडावरून घसरणारा पाय.

उजवीकडे पेन अडलं.

बराच वेळ बसून शेवटी त्यांनी लिहिलं, 'रेडिओचं गाणं. बाकी काही नाही.'

आणि खरंच... बाकी काही उरलं नाही.

शेजारच्या पिठाच्या गिरणीची टुकटुक थांबली. आढ्यावरच्या चिमण्या गप्प झाल्या. नानाजींनी घाबरून टाळी वाजवली. हात एकमेकांवर आपटले...

टाळी ऐकू आली नाही.

मग परसातून एकच आवाज आला.

कर्र... कर्र...

विहिरीच्या कप्पीचा. ती कप्पी बापूजींनी तेव्हाच उपटून फेकली होती. विहीर मुरूम टाकून बुजवली होती. तिथं आता वांगी लावली होती.

नानाजींना कळायचं ते कळलं. ती ओळ खोडायला हवी होती. पण खोडून खरं लिहिलं, तर भावाला तोंड कसं दाखवायचं? त्यांनी कागद तसाच घडी करून ठेवला. याची लाज त्यांना आजही वाटते.

रविवारी दुपारी ओसरीवर वाचन ठरलं. बापूजी बाजेवर चहाचा कप घेऊन बसले. प्रभाकरराव खुर्चीवर. नानाजी विहिरीच्या प्रसंगापर्यंत आले. आवाज न कापू देता त्यांनी डावी बाजू वाचली. मग उजवी वाचली. "रेडिओचं गाणं. बाकी काही नाही."



त्यांनी मान वर केली. बापूजींचा कप तिरपा झाला होता. चहा धोतरावर सांडत होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

प्रभाकरराव मात्र भलतेच खूश. "वा नानाजी! काय हाक मारली तुमी! 'भाऊजी, ओ भाऊजी'... हुबेहूब बाईचा आवाज! आधी नुसतं बोलावणं, मग रडणं, आन् शेवटी तं नुसता श्वास. पण मी कागद पाहून राह्यलो, उजवीकडे हाक हायेच नाई. काऊन लिहिली नाई?"

नानाजींनी हाक मारलीच नव्हती.

आणि प्रभाकररावांनी अनुसयाबाईला जन्मात कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं.

बापूजींनी कप खाली ठेवला आणि परसाकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं,

"किती येळ मारली रे तिनं हाक?"

नानाजींनी कागदाची पुन्हा घडी घातली. 

बापूजींनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. एका घरात राहिले, एका पंक्तीला जेवले. शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतात. पण रोज दुपारी बापूजी त्या वांग्यांच्या वाफ्यापाशी जाऊन बसायचे. वारले तोवर.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगतो.

१९८८च्या उन्हाळ्यात मी अल्लीपूरला गेलो होतो. दुपारी मामा आणि मी जेवत होतो. अचानक हातातला घास टाकून ते उठले आणि अनवाणी परसाकडे पळाले.

"आलो वहिनी! आलो!"

"मामा, कोणी नाहीये तिकडे!" मी ओरडलो...

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

वर पंखा गरगरत होता. तो रोज खडखड करायचा. आता त्याचाही आवाज नव्हता.

थोड्या वेळानं मामा परतले. पाय मातीनं भरलेले. पंखा पुन्हा खडखडू लागला. ते ताटासमोर बसले, पण जेवले नाहीत.

"आजही उशीरच झाला रे," ते म्हणाले.

मामांकडे मी अजून जातो. पण सकाळच्या एसटीनं जातो आणि दुपार व्हायच्या आत निघतो.