आधी आलेला पडसाद

दुपारी दोन वाजता प्रयोगशाळेत भिण्यासारखं काही नसतं. पाण्याची खोल टाकी, तिच्यात बुडवलेला गोळा. वर पोलाद, आत रबर, त्याच्या आत पुन्हा पोलाद. कांद्याचे पापुद्रे म्हणा ना. गोळ्यावर आवाज सोडायचा आणि परतलेल्या पडसादावरून एकेका थराची जाडी गणिताने काढायची. हे गणित बरंच गाजलं होतं, प्राध्यापकांच्या नावावर.

खरं तर ते त्यांच्या सहायिकेचं. ती आजारात गेली, वही टेबलावर राहिली आणि आयत्या बिळावर हे नागोबा बसले. पण नक्कल करायलाही अक्कल लागते. एका ओळीत तिचं उणे चिन्ह चुकलं होतं. त्यामुळे लाटा गोळ्यापासून बाहेर पसरण्याऐवजी बाहेरून त्याच्याकडे येत होत्या. म्हणजे पडसाद आधी, आवाज मागून. ती असती तर दुसऱ्याच दिवशी तिने सुधारलं असतं. यांनी जसंच्या तसं छापलं.

सकाळीच तिचे वडील येऊन गेले होते.

"सर, फार जागायची हो पोर. तिचं नाव कुठे आलंय का, एवढंच बघायचं होतं."

"नाही काका. तिचं त्यात काही नव्हतं."

"बरं. उगाच तुमचा वेळ घेतला," असं म्हणून म्हातारा गेला. तेव्हापासून सरांना स्वतःचीच लाज वाटत होती. डबा तसाच पडला होता.

त्यांनी हेडफोन लावला. आवाज सोडायच्या बटणाकडे बोट नेलं, तोच यंत्राच्या पडद्यावर पडसादाची रेघ उसळली. बटण तर दाबलंच नव्हतं… त्यांनी यंत्राची तार उपटली. रेघ थांबेना. मग कानात माणसाचा आवाज आला. त्यांचाच.

"काका… ते गणित तिचं होतं. मी चोरलं."

हे ते कधीच बोलले नव्हते. आणि शब्दाशब्दाला बुडबुडे येत होते, पाण्याखालून बोलावं तसे.

पडसाद आधी आला, म्हणजे हे आपण बोलणारच; मग आत्ताच बोलून टाकलेलं बरं. तिच्या वडिलांना फोन लावून, खुर्चीत बसून, त्यांनी तेच शब्द उच्चारले. "काका… ते गणित तिचं होतं. मी चोरलं."

पलीकडून म्हातारा हळूच म्हणाला, "आलोच मी. टाकीपाशीच थांबा."

सरांना रडू आलं. सुटलो बुवा एकदाचा, असं वाटलं. डोळे पुसून त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला.

तेच वाक्य अजून येत होतं, बुडबुड्यांसकट. खुर्चीतून बोलताना बुडबुडे कुठे होते? बाहेर जिन्यावर पावलं वाजली.