चमचाभर चुना

"पोतं गळतंय हो तुमचं..."

मी हे स्वतःशीच बोलले होते. खाडीच्या मधोमध, अब्रावर, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीवर, मराठी कुणाला कळणार? समोरच्या फळीवरचा तरुण पलीकडच्या देरा वस्तीच्या काठाकडे बघत होता, आणि त्याच्या पोत्यातले मक्याचे दाणे माझ्या चपलांपाशी येऊन थांबत होते.

तो वळला. "गळू दे. चांगल्या ठिकाणी गळतंय."

मी दचकले. मग दोघंही हसलो.

"दाभोळचा मुनीर," तो म्हणाला. "तुम्ही हमीदाखालांची भाची ना? मुरुडची, केमिस्ट्रीवाली?"

सदुसष्टच्या हिवाळ्यात दुबईत आपली माणसं इतकी थोडी होती, की एकीच्या घरी भाची आली की दुसऱ्या काठावर कळायचं. मी आले होते खालाच्या दुखऱ्या गुडघ्यांना मदत म्हणून.

"एवढा मका कशाला?" मी विचारलं.

मुनीर तेल शोधणाऱ्या जहाजावर स्टोअरकीपर होता. तिथे चान नावाचा एक कामगार होता, मेक्सिकोतल्या युकातानचा, माया लोकांपैकी. घरच्या पानुचोच्या आठवणीनं तो हळवा व्हायचा. मक्याची छोटी भाकरी तव्यावर फुगवायची, चीर देऊन आत घेवडा भरायचा, तेलात तळायची, वर कोंबडी आणि आंबट कांदा. चान आता गावी परतणार होता, आणि जायच्या आधी ते खाऊ घालीन, असं मुनीरनं त्याला कबूल केलं होतं.

"तुम्हाला भाकरी येते?"

"वर्तुळ काढता येतं... कंपासनं."

मग तो रोजच खालाकडे येऊ लागला. कधी चवळी घेऊन, कारण काळा घेवडा मिळेना. कधी टोपलीभर लिंबं घेऊन, कारण मका 'लाइम' घालून उकळायचा, असं चाननं सांगितलं होतं. कधी नुसताच. छतावरच्या, वारा घरात ओढणाऱ्या मनोऱ्यातून दुपारची झुळूक खाली उतरायची, आणि मी तिच्याआधी त्याच्या चपलांचा आवाज ओळखायला लागले होते.

आणि नेमकी तेव्हाच अब्बांची तार आली. शुक्रवारच्या बोटीनं निघ, महाडचं स्थळ बघायला येतंय.

"नको असेल तर कारण दे," खाला पान लावत म्हणाली. "कारण असलं की भाईजानला मी समजावते."

कारण रोज दारात येत होतं. पण ते फक्त मक्याबद्दल बोलत होतं!

बुधवारी आम्ही मका लिंबाच्या रसात उकळला, पाट्यावर वाटला. भाकरी थापली, तर तिचे तव्यावर तुकडे पडले. दुसरीचेही तेच.

"खलास!" मुनीर कपाळाला हात लावून म्हणाला. "चाननं मला चुना लावला, दुसरं काय!"

माझा हात तव्यावरच थांबला.

"पुन्हा म्हणा."

"काय? चुना लावला?"

"चुना! अहो, लाइम म्हणजे चुनासुद्धा! चुन्यानं मक्याची सालं सुटतात, पीठ चिकट होतं. कॉलेजात दोन वर्षं चुन्याची निवळी केली मी... आणि इथे लिंबं पिळत बसले!"

आम्ही दोघांनी एकदम खालाच्या पानाच्या डब्याकडे पाहिलं. तिनं तो पदराखाली ओढला.

"खबरदार! मुंबईहून येतो माझा चुना."

"खाला, चमचाभरच..." मुनीर म्हणाला.

"तुझा चान पान खातो का रे? नाही ना? मग?" पण डबा तिनंच उघडला.

चुन्याच्या पाण्यात मका पिवळाधमक झाला. घरभर नव्यानं पांढरी केलेल्या भिंतीचा वास पसरला. रात्रभर तो तसाच भिजला.

गुरुवारी आम्ही परात मध्ये घेऊन मका धुवायला बसलो. सालं बोटांत सुटत होती आणि पाण्यावर पाकळ्यांसारखी तरंगत होती. त्याचा हात माझ्या हाताजवळ दिसत होता. पाण्यात वस्तू असते त्यापेक्षा जवळ दिसते, मी मनाला बजावलं. वक्रीभवन.

मग बोटं लागली...

वक्रीभवन नव्हतं.

कुणीच हात काढला नाही. बाहेर पाणीवाल्याचं गाढव ओरडलं, तरीही नाही.

"उद्या बोट आहे," मी म्हणाले.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. आणि दाणे धूत राहिला. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

पण पिठानं दगा दिला नाही. तव्यावर पहिली भाकरी पडली, क्षणभर गप्प राहिली, मग हळूच फुगली... टम्म! मी चीर दिली, चवळी भरली, तेलात सोडली. वर कोंबडी, आणि लिंबात मुरवलेला लालसर कांदा. लिंबंही वाया गेली नाहीत.

"भाकरी फुगली की थापणारीच्या मनातलं वर येतं म्हणतात," खाला म्हणाली आणि गुडघे धरत बाहेर गेली. मुद्दाम.

मुनीरनं चानचा डबा भरला. एक पानुचो स्वतः खाल्ला. मग बोटांना लागलेलं तेल पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "चानचा डबा संध्याकाळी पोचवतो. आणि उद्या... त्याच बोटीनं मीही येतोय."

"कुठे?"

"मुरुडला. तुझ्या अब्बांकडे. सुट्टी कालच मंजूर झाली. पण म्हटलं, आधी भाकरी फुगू दे... तू हो म्हणशील ना, साजिदा?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तव्यावरची भाकरी करपत होती आणि मी तिच्याकडे बघतही नव्हते.

"तुम्ही मला चुना तर लावत नाही ना?"

"लावतोय की," तो हसला. "चमचाभरच. संकोचाचं साल सुटेपर्यंत."

"माझं कधीच सुटलंय," मी म्हणाले. "त्या परातीतच."

दाराबाहेरून खालाचा आवाज आला, "यल्ला, चला पोरांनो, भाकरी करपली! आणि साजिदा, भाईजानला काय कारण कळवू?"