मास्तरांचं शेवटचं रक्त

"माझ्या बहिणीनं माणूस मारला, असं अख्खं इस्पितळ म्हणतंय," ती बाई दारातच म्हणाली. "तुम्हालाही तसंच वाटणार असेल तर मी आल्या पावली परत जाते."

वहिनींनी तिला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं आणि पाणी दिलं. भाऊजींनी कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा मुक्काम थोरल्या भावाच्या या घरीच असे. भाऊ गेला, पण त्याची खाजगी तपासाची कचेरी वहिनींनी बंद पडू दिली नव्हती. डोकं वहिनींनी चालवायचं आणि पिशवी धरून मागून भाऊजींनी चालायचं, अशी कामाची वाटणी होती. या वाटणीत आपल्यावर अन्याय होतो, असं भाऊजींना कधीकधी वाटे, पण ते फार वेळ टिकत नसे.

बाईची धाकटी बहीण एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात सिस्टर होती. स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या एका आजारावर तिथे नव्या औषधाची चाचणी चालू होती. पेशंट मूठभरच. दर आठवड्याला प्रत्येकाला एक डोस. त्यातच एक निवृत्त शाळामास्तर होते. एका दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या, मग ते गुंगल्यासारखे झाले. डॉक्टरांनी रक्त तपासायला आणि उलटीचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. दोन्ही कामं सिस्टरनंच केली. तासाभरात मास्तर गेले.

आजारानंच गेले, असं समजून घरच्यांनी अंत्यसंस्कार केले. दुसऱ्या दिवशी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीनं त्या शेवटच्या रक्ताचा अहवाल वाचला, आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. रक्तात पोटॅशियम इतकं होतं की, कुणाचंही हृदय जागच्या जागी थांबावं. पोटॅशियमच्या बाटल्या वॉर्डातल्या ट्रॉलीवर असतातच. शेवटची सुई टोचली ती सिस्टरनं.

"आणि आदल्या दिवशी ती मास्तरांशी भांडली होती," बाई खाली बघत म्हणाली. "ते सारखे टोचून बोलायचे तिला. ती म्हणाली, एक दिवस तुमची ही बडबड कायमची बंद होईल. वीस जणांनी ऐकलं. आता जामिनावर आहे. घरात कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. तिनं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर मी काय करू?"

भाऊजींना मनातून वाटलं, ही केस आपण घेऊ नये. वहिनींनी चपला घातल्या होत्या.

सिस्टर थोरल्या बहिणीच्या मागल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. वहिनींनी तिला खून केलास का, असं विचारलंच नाही. रक्त कसं काढलं ते सांग, म्हणाल्या. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. ती सावरून बसली.

"आधी रक्त काढलं, मग इंजेक्शन दिलं. पोलिसांना हेच सांगितलं, पण ते म्हणतात, कशावरून? लाल टोपीची एकच नळी भरली. तिच्यात रक्त गोठतं, मग वरच्या पाण्यावर तपासण्या होतात. यकृत, मीठ, पोटॅशियम, कॅल्शियम, सगळं."

"आणि जांभळ्या टोपीचीही एक नळी असते ना, ती कशाला?"

"ती जनुकांच्या तपासणीची. तिच्यात आतून पावडर असते, रक्त गोठू नये म्हणून. ज्या दिवशी दोन्ही भरायच्या असतात, तेव्हा लाल आधी आणि जांभळी शेवटी. त्या पावडरीचा कण जरी लालमध्ये गेला तरी आकड्यांचं वाटोळं होतं. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. पण मास्तरांची जांभळी त्या दिवशी नव्हतीच."

नळी तिनं कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे चाचणीची वरकड व्यवस्था बघणाऱ्या माणसाच्या, हातात दिली. नळ्यांवर चिकटवायची लेबलं तोच छापायचा, नमुने खाली लॅबमध्येही तोच न्यायचा.

"तुझी बाजू घेणारं कुणी आहे का तिथे?" वहिनींनी निघताना विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि पहिल्यांदा रडली. भाऊजींचा मनातला विरोध तिथेच संपला.

मोठ्या डॉक्टरबाई चाचणीच्या प्रमुख होत्या. बारा वर्षं त्या या औषधामागे होत्या, आणि एका खाजगी गुप्तहेराला उत्तरं द्यायची म्हणजे त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. तरी बोलल्या त्या सरळ.

मास्तरांची गुंगी बघून त्यांना यकृताची शंका आली होती. तसं त्या पलंगापाशीच मोठ्यानं म्हणाल्याही होत्या: यकृत बिघडलेलं निघालं, तर हे औषध आजपासून सगळ्यांचं बंद. तेव्हा तिथे सिस्टर होती, कोऑर्डिनेटर होता, आणि मास्तर ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. पण अहवालात यकृत ठणठणीत आलं. औषध निर्दोष ठरलं, चाचणी चालू राहिली. यकृताची नेहमीची तपासणी महिन्यातून एकदाच होई.

"म्हणजे सिस्टरच्या हातून खून झाला हे तुमच्या औषधाच्या पथ्यावरच पडलं," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी सगळ्यांवरच घेते. पोटात ठेवला की मला अपचन होतं."

लॅबमधला तंत्रज्ञ तोंडानं तिखट होता. वरचे लोक उंटावरून शेळ्या हाकतात आणि नाव मात्र लॅबचं खराब होतं, यावर त्यानं बराच वेळ घालवला. मास्तरांची नळी त्याला नीट आठवत होती. ती आली उशिरा, मास्तर गेल्याची बातमी आल्यानंतर. लाल टोपीची असूनही रक्त अजिबात गोठलं नव्हतं. मरणाच्या दारातल्या माणसाचं रक्त कधीकधी गोठत नाही, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. पोटॅशियमचा आकडा बघून त्यानं तपासणी पुन्हा केली. तोच आकडा.

"आणि कॅल्शियम?" वहिनींनी विचारलं.

"यंत्रानं आकडाच दिला नाही. दोन्ही वेळा. रसायन संपलं असेल म्हणून मी सोडून दिलं. पोटॅशियम एवढं भडकलेलं असताना कॅल्शियम कोण बघतो?"

"पुढच्या पेशंटचं कॅल्शियम आलं होतं?"

तंत्रज्ञ नोंदवही उघडून बघायला लागला. "आलं होतं," तो म्हणाला.

नळीतलं उरलेलं रक्त पोलिसांच्या सांगण्यावरून सीलबंद ठेवलेलं होतं. वहिनींनी वकिलामार्फत अर्ज केला की, त्यावर अजून एक तपासणी व्हावी. कसली, ते त्यांनी भाऊजींना सांगितलं नाही. भाऊजी रुसले.

कोऑर्डिनेटर मऊ बोलणारा, नीटनेटका माणूस होता. पूर्वी एका हॉटेलचा व्यवस्थापक होता. वैद्यकीचं आपल्याला ओ की ठो कळत नाही, आपण फक्त डबे, लेबलं, तारखा आणि फ्रीजची किल्ली सांभाळतो, असं तो हसून म्हणाला. लिफ्ट बंद होती, म्हणून नळी पोचवायला उशीर झाला. सिस्टरबद्दल वाईट वाटतं, तशी ती कामाला चोख होती. त्याची बायकोही याच चाचणीत पेशंट होती. समितीची तशी परवानगी घेतली होती.

वहिनी त्याच्याशी बोलत असताना भाऊजी वॉर्डात जाऊन त्याच्या बायकोपाशी बसले. परतताना त्यांना भरून आलं होतं. बिचारी गेल्या वर्षी स्वतःचे केस विंचरू शकत नव्हती. आता विंचरते. नवरा तिला रोज खुर्चीवरून ढकलत बागेत नेतो.

"कामाचं काही बोलली का?" वहिनींनी विचारलं.

"नाही हो. मास्तर गेले त्या दिवशी हिचं महिन्याचं रक्त घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी परत टोचलं म्हणून कुरकुरत होती. जांभळी नळी फुटली म्हणे. बाकी काही नाही."

वहिनी फाटकाशीच थांबल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही पिशवीत काय काय घेऊन येता, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक नसतं." हे कौतुक होतं की टोमणा, याचा विचार भाऊजी घरापर्यंत करत राहिले.

तपासणीचा निकाल आला त्या सकाळी वहिनींनी सगळ्यांना मोठ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत बोलावलं. तपास अधिकारी दाराशी उभा राहिला. सिस्टर बहिणीचा हात धरून आली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. कोऑर्डिनेटर खिडकीपाशी होता. तंत्रज्ञाला हातातलं काम सोडून यावं लागलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वहिनी उभ्या राहूनच बोलू लागल्या.

"मला पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती. सिस्टर म्हणते, आधी रक्त, मग सुई. ती खरं बोलत असेल, तर पोटॅशियम सुईतून आलेलं नाही. ती खोटं बोलत असेल, तर तिनं माणसाला विष टोचलं आणि मग त्याच विषाचा पुरावा स्वतःच्या हातानं नळीत भरून लॅबला पाठवला. असा खुनी मी तरी पाहिलेला नाही.

"मग ते रक्त. गोठत नाही. पोटॅशियम आभाळाला भिडलेलं. आणि कॅल्शियम शून्य. यंत्र बिघडलं म्हणावं, तर पुढच्या पेशंटचं बरोबर आलं. डॉक्टर, कॅल्शियम शून्य असलेला माणूस किती वेळ जगतो?"

"जगतच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "जांभळी टोपी."

"हो. भाऊजींसाठी सोपं करून सांगते. जांभळ्या नळीतली पावडर रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून रक्त गोठत नाही. आणि ती पावडर असते पोटॅशियमचा क्षार. मास्तरांना कुणी पोटॅशियम दिलंच नाही. जांभळ्या नळीतलं रक्त कुणीतरी लाल नळीत ओतलं. मास्तरांची जांभळी नळी त्या दिवशी भरलीच नव्हती, म्हणजे ते रक्त दुसऱ्या कुणाचं. आम्ही उरलेल्या रक्ताची जनुकांची तपासणी करवली." वहिनींनी जरा श्वास घेतला. "ते रक्त एका बाईचं आहे."

तपास अधिकाऱ्यानं दार लावून घेतलं.

"आता हे करणार कोण? डॉक्टरबाई असं कधीच करणार नाहीत, तंत्रज्ञही नाही. जांभळ्यातलं लालमध्ये गेलं की काय होतं, ते या दोघांनाही पाठ आहे. सिस्टरलाही. तिघांपैकी कुणालाही लबाडी करायची असती, तर दुसरी लाल नळी घेतली असती. जांभळी घेणारा माणूस असा हवा, ज्याला नळ्या फक्त टोपीच्या रंगानं माहीत आहेत. आत काय असतं ते माहीत नाही. लालमधलं रक्त गोठून बसलेलं दिसलं, जांभळ्यातलं पातळ दिसलं, म्हणून त्यानं पातळ ओतलं. त्याच्याकडे फ्रीजची किल्ली होती आणि लेबल पुन्हा छापायची सोय होती. आणि जिची जांभळी नळी त्याच दिवशी 'फुटली', ती बाई त्याच्याच घरातली होती. तिचं यकृत चांगलं आहे, हे त्यानं सकाळीच संगणकावर पाहिल्याची नोंद आहे."

कोऑर्डिनेटरनं खिडकीचा गज धरला होता.

"मी कुणाला अडकवायला नव्हतं केलं," तो म्हणाला. "औषध बंद करणार, म्हणाल्या मॅडम. मास्तर तर जाणारच होते. ते बंद झालं असतं, तर ही परत अंथरुणाला खिळली असती. फक्त यकृत चांगलं दिसावं, एवढंच हवं होतं मला. ते पोटॅशियम कुठून आलं, हे मला आज कळतंय."

"ते आज कळलं, मान्य आहे," वहिनी म्हणाल्या. "पण सिस्टरनं पोटॅशियम टोचलं म्हणून तिला पकडलं, तेव्हा ते रक्त मास्तरांचं नाही, एवढं तर तुम्हाला ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी चाललेली बघत तुम्ही रोज कामावर येत होतात."

अधिकारी पुढे झाला, पण त्याच्याआधी डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे मास्तरांचं यकृत खरंच गेलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि त्यानंतर मी सगळ्यांना तीन डोस दिले. आजचा सकाळीच झाला."

भाऊजींना हे समजायला एक क्षण लागला. कोऑर्डिनेटरलाही तेवढाच वेळ लागला असावा, कारण तेव्हा तो वॉर्डाकडे धावायला निघाला आणि अधिकाऱ्यानं त्याला अडवलं.

औषध तिथल्या तिथे बंद झालं. वॉर्डातल्या प्रत्येकाचं रक्त ताबडतोब काढायचं ठरलं. हात कमी होते. डॉक्टरबाईंनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं, पण बोलायचं धाडस त्यांना झालं नाही. सिस्टर आपणहून उठली, हात धुतले आणि गेली.

बाकी सगळे बचावले. दोघांच्या आकड्यांत थोडा फरक होता, तो औषध थांबवल्यावर भरून येण्यासारखा होता. कोऑर्डिनेटरच्या बायकोचं यकृत मात्र निम्म्याहून जास्त गेलं होतं. शेवटचे तीन डोस झाले नसते तर वाचवता आलं असतं, असं डॉक्टरबाई वहिनींना बाहेरच्या व्हरांड्यात म्हणाल्या. आता काही सांगता येत नव्हतं.

तिला कुणी सांगायचं, यावर वहिनी ठाम होत्या. अधिकाऱ्याकडून त्यांनी थोडा वेळ मागून घेतला आणि नवऱ्यालाच आत पाठवलं. दार अर्धवट उघडं होतं. तो पलंगाशी उभा राहून हळू आवाजात बोलत होता. भाऊजींना ऐकायचं नव्हतं, तरी ऐकू येत होतं. तुझ्यासाठी केलं, असं तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

शेवटी तिनं एकच विचारलं.

"मास्तर कशानं गेले, ते तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

त्याला हो म्हणावं लागलं.

"आणि दर आठवड्याला खुर्ची ढकलत तूच मला त्या डोसला न्यायचास."

मग तिनं मान वळवली आणि दाराकडे बघून सिस्टरला हाक मारली. याला बाहेर न्या, म्हणाली, आणि तुम्ही माझ्यापाशी बसा. अधिकाऱ्यानं त्याला बाहेर आणलं. सिस्टर आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.